कच्ची शिलाई

अकोल्याहून निघालेल्या अमरावतीच्या गाडीनं मूर्तिजापूर मागे टाकलं, तशी पुढच्या सीटवरच्या मायलेकी बोलू लागल्या. मागे बसलेल्या फरजानाचे कान आपसूक तिकडे वळले.

"सोडचिठ्ठीच्या तारखेले वकिलानं विचारलं, पोरगी काय काम करते, तं मी काय सांगू?"

"सांग, चिप बनवायच्या आधी तिले कम्प्युटरवर चालवून पाह्यते."

"बनलीच नाही, तं चालते कशी?"

"तिची नक्कल चालते, आई. आमी मुद्दाम उलटंसुलटं देऊन पाह्यतो, कुठं अडकते ते. एकदा कारखान्यात बनली, का मंग बदलता येत नाही."

"म्हंजे माही कच्ची शिलाई. ब्लाउज गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाह्याचं, मंगच पक्की शिलाई माराची."

"हो, तसंच."

गाडी बरीच पुढे गेली.

"तुह्या लग्नात आमी थेट पक्कीच मारली."

"आता उसवून तं राह्यलो ना."

"उसवते वं. पण सुईची भोकं राह्यतात कापडाले."

"राहू दे. कापड तं माहं हाये."