लोहस्कंधाचा डावा हात

हॅलो?… हो, बारामतीच. फारुकचाचांचं दुकान… हो, सोपानरावांची मुलगी. रतनच बोलतेय. जोडून द्या पुणं.

…बापूसाहेब? नमस्कार. …हो, ऐकू येतंय. स्वच्छ.

…हो, परवाच तात्यांचं तेरावं झालं. …नाही, शेवटी त्रास फार झाला नाही. …खरंय, मोठे कलावंत होते. अगदी खरंय. पण मग हे तुम्ही फोनवर का सांगताय? कागदावर का नाही लिहिलंत?

…प्रस्तावनेबद्दल म्हणतेय मी. तुमच्या पुस्तकाच्या. काल टपालानं मिळाली. …वाचली ना. दोनदा वाचली. भाषा फार सुंदर आहे तुमची. …छे, टोमणा कसला?

'लोहस्कंध हा महावीर माझ्या मनोभूमीत जन्मला.' वा! …आणि शेवटून तिसरी ओळ, 'चित्रांच्या कामी काही मंडळींचे साहाय्य झाले.' …बापूसाहेब, तात्या एकटेच होते हो. सहा वर्षं तुमच्या मासिकासाठी दरमहा बारा चित्रं एकट्यानं काढत होते. त्यांची मंडळी कधी झाली?

…हो, हो… अहो, ऐका ना… जागा कमी पडली? तुमच्या काश्मीरच्या सहलीला दीड पान आहे त्यात.

…एक मिनिट हं. सारजाकाकू, ती चित्रं मांडीवर नका घिऊ, तितं गादीवर ठिवा. …न्हाय, दुमडू नका. …व्हय, त्येंचाच फोन हाय. …तुमी बसा की.

…कोणी नाही, शेजारच्या काकू आल्यात सोबत. बोला.

…हं, डाव्या हाताचा मजकूर वाचला. तोच तर दोनदा वाचला. 'उपेक्षितांचे प्रतीक म्हणून मी त्याच्या डाव्या हाती गदा दिली. या विचारात मी तीन रात्री तळमळत होतो.' …बापूसाहेब, तुम्ही तीन रात्री कशाला तळमळलात? तात्यांनी ती चूक एका दुपारी केली होती.

…चूकच. शिळाप्रेसवर दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उठतं. तुम्हाला कसं ठाऊक नसणार? मासिक तुमचंच आहे. पहिल्या महिन्यात तुमच्या छापखान्यात तात्या स्वतःच दगडावर काढत होते, ते विसरले आणि सुलटंच काढून बसले. आठशे प्रती निघाल्या, सगळ्यांत गदा डाव्या हातात. घरी आले, दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रतन, ह्यो आता डावराच. जल्माचा डावरा. माझी चूक ह्यानं निस्तारायची." …हो, एवढंच. तुमचं प्रतीक नंतर आलं असेल, तिसऱ्या रात्री.

…नाही, रागावले नाही. रागावून काय करू?

…तो बैल? तोही तुमच्या मनोभूमीतलाच का? इंदापूरच्या बाजारात तीन रविवार तात्या बैलांच्या पोटाखाली वाकून बसले होते. डोक्यावर उचललेला बैल खालून कसा दिसतो, ते बघायला. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला बैल घ्यायचाय का खायचाय? …हसा ना. हसले तर तेही असते.

…शब्द तुमचेच. कोण नाही म्हणतंय? मुलं तुमची वाक्यं पाठ म्हणतात, मी ऐकलंय. शाळेत मी शिकवते, माझ्याच वर्गात म्हणतात. पण गोष्ट काय घडतेय, ते तुम्हाला कुठून कळायचं? प्रत्येक चित्राच्या मागं तात्या दोन ओळी लिहायचे. 'हितं तो पूल धरून उभा ऱ्हातो. गाडी जाईस्तवर.' त्यावरून तुम्ही चार पानं करायचात. करायचात ना?

…हं. आता खरं काम निघालं. शेवटची बारा चित्रं. …आहेत, माझ्यापाशीच आहेत. पुरी झालीत. …आज संध्याकाळच्या गाडीनं? सोमवारी छापायला घ्यायचंय? …पाठवेन की. फक्त एक सांगते. मागं काही लिहिलेलं नाही.

…कोरी आहेत. हात चालत नव्हता त्यांचा. चित्रं कशी काढली, ते मलाच ठाऊक.

…मग काय? लेखक तुम्ही ना? बरं, वर्णन करते. शेवटच्या चित्रात लोहस्कंध जमिनीवर बसलाय. गदा बाजूला पडलीय. समोर एक बाई पाठमोरी उभी आहे आणि तो तिच्याकडं बघतोय. …ती कोण?… तो काय म्हणतोय?… तुमच्या मनोभूमीत जन्मला ना? विचारा त्याला.

…हॅलो? …नाही, लाइन नीट आहे. ऐकतेय मी, सांगा.

…मला ठाऊक आहे. मला सांगितलंय त्यांनी. जायच्या आदल्या दिवशी, मी पाणी पाजत होते तेव्हा. दोनच वाक्यं.

…नाही सांगणार. …अशी फोनवर तर नाहीच. मुखपृष्ठावर दोन नावं येऊ द्या. एका ओळीत आणि एकाच मापाच्या अक्षरात. आणि ती 'मंडळी' काढा. मग चित्रं येतील, वाक्यंही येतील.

…अडवणूक? …म्हणा. …पुढच्या आवृत्तीत? तात्यांनाही तुम्ही पुढच्या अंकात म्हणायचात. सहा वर्षांचे अंक आहेत माझ्याकडं, बघू का एकेक?

…ऑपरेटरसाहेब, वेळ वाढवा. पुण्याचे साहेब विचार करतायत.

…काय म्हणालात? …पुन्हा म्हणा. …दोन्ही नावं. …एका ओळीत. …आधी तुमचं असू द्या, त्याला हरकत नाही. तात्यांचीही नसती. …हो, प्रस्तावनाही बदलून पाठवा, मी वाचून परत करेन.

…लिहून घेताय? घ्या. सोपान… …हो, सोपान. पुढं?

…पुढं काय, म्हणजे?

…बापूसाहेब, तुम्हाला त्यांचं आडनाव ठाऊक नाही?

…पाकिटावर काय लिहायचात मग? …'सोपान पेंटर, बारामती'. …हो. पोचायचं. बारामतीत सगळे ओळखतात.

…नाही. रडत नाहीये. सांगते ना. सावकाश सांगते, म्हणजे चूक व्हायची नाही. सोपान… धोंडिबा… धों-डि-बा. वडलांचं नाव. आणि आडनाव… हॅलो?… हॅलो? बापूसाहेब? …हॅलो?

चाचा, गेला हो फोन. …वेळ संपला? वाढवायला सांगितला होता मी. …परत लावता येईल का पुण्याला? …किती? दोन तास?

लागू द्या. बसते मी इथंच. …नाही चाचा, चहा नको. सारजाकाकू, तुमी जावा घरी, चित्रं माझ्याजवळ द्या. …न्हाय, काम झालं न्हाय अजून. निम्मंच नाव पोचलंय त्येंच्याकडं.