गप्प बसल्याबद्दल सत्कार

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो, तुम्ही बाप ना? मग पोरीला काय होतंय ते तुम्हाला कळलं नाही?' कळलं नाही म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, मला सगळं कळलं होतं, फक्त उलटं कळलं होतं. बाप झालं की आपोआप कळतं असं कुणी सांगितलं तुम्हाला? बाप झालं की शाळेची फी कळती, पोरीच्या चपलेचा नंबर कळतो, आणि तोसुद्धा दुकानात गेलं की चुकतो. पण समोर बसलेली अकरा वर्षांची पोर ताट ढकलून देती, तेव्हा ती आगाऊपणा करती का तिला आत कुठं दुखतंय, हे ओळखायचं कसं? नाही, तुम्ही सांगा की. ओळखायचं कसं?

मी प्रदीप. राहायला जुळे सोलापूरला, नोकरी विजेच्या ऑफिसात, तक्रार खिडकीवर. बायको कीर्ती बालवाडीत शिकवती, म्हणजे दुसऱ्यांची पोरं तिला बरोबर कळतात. आणि आमची दीक्षा, सहावीत. ही पोर बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायला सवड नाही. दरवर्षी जयंतीला भाषण करायची, आणि माईक तिच्या हातातनं सोडवायला मंडळाची दोन पोरं लागायची. अशी पोर दिवाळीनंतर चिडायला लागली. काय चिडायची म्हणता... दूध गरम आहे म्हणून चिडायची, गार आहे म्हणून चिडायची, दूध आहे म्हणूनच चिडायची. दार आपटायची, वह्या फेकायची. शाळेतनं फोन. बाई कशा, एकदम गोड आवाजात, 'तुमची मुलगी उलट उत्तरं देते हं, घरी संस्कार वगैरे...' आता त्या 'वगैरे'त काय काय आलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मग घरोघरचे डॉक्टर जमले. माझी आई, केसरबाई, मंद्रूपला असती. फोनवर म्हणाली, 'काय बी झालेलं न्हाय तिला. लई लाडावलीय. तुज्या वक्ताला आमी असली थेरं चालू दिली न्हाईत.' खरं आहे, नाहीत दिली. आज चाळिशी आली तरी मी दूध गार असलं काय, नासलं असलं काय, गप पितो. इकडं कीर्ती मोबाईल घेऊन बसली. 'अहो, हट्टी पोरांचा आजार वेगळा असतो आणि उदास पोरांचा वेगळा.' म्हणलं, बरं, लक्षणं काय? 'हट्टीची चिडचिड.' आणि उदासची? '...चिडचिड.' मग ह्यात वेगळं काय? तर म्हणाली, 'ते पुढच्या व्हिडिओत आहे.' पुढचा व्हिडिओ बघितला, त्यात बाई आवळ्याचं तेल विकत होती. ओळखायचं कसं?

आणि मग फेब्रुवारी-मार्चकडं काय झालं, पोर गप झाली. एकदम गप. दूध दिलं, प्यायली. भाजी वाढली, खाल्ली, म्हणजे दोन घास खाल्ली. जयंतीच्या भाषणाचं विचारलं तर 'नको' म्हणाली, न भांडता म्हणाली. आम्ही नवरा-बायको एकमेकांकडं बघून हसलो, म्हणलं, वा, समजूतदार झाली. आता ह्यात माझी चूक का माझ्या खिडकीची, तुम्हीच ठरवा. दिवसभर माझ्यापुढं माणसं ओरडतात. जो लई ओरडतो त्याच्याकडं मी आधी माणूस पाठवतो. आणि ज्याचा फोन यायचा थांबला, त्याची लाईट आली असं धरतो. इतकी वर्षं असंच चाललंय. घरी तरी वेगळं काय करणार?

त्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी संगप्पा काका. मूळचे अक्कलकोटकडचे, पोरीच्या आरडाओरड्यानं सगळ्यात जास्त गांजलेले, कारण ते आमच्या बरोबर खाली राहतात. जिन्यात धरलं मला. 'प्रदीपराव, पोरगी एकदम सुधारली की ओ. बाकीच्या पोरांपुढं उदाहरण पाहिजे. एक मेला झेंडावंदन झाल्यावर सत्कार करू.' आणि केला हो. खरोखर केला. सोलापुरात सत्कार म्हणल्यावर नारळ आणि चादर आलीच, तीसुद्धा डबलबेडची. काकांनी माईकवर सांगितलं, 'घरात शांतता राखल्याबद्दल कुमारी दीक्षा...' आणि एवढ्याशा पोरीच्या अंगावर ती चादर घातली, पोर दिसेनाशी झाली. आतनं 'थँक्यू' असा आवाज आला. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कोण वाजवत होतं? मी.

आता मे महिना. आमच्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. माणसं पंख्याखाली बनियनवर बसून पंख्यालाच शिव्या देतात. आणि आमची दीक्षा सोफ्यावर, ती चादर गुंडाळून. कीर्ती म्हणाली, 'अहो, तिला उकडत नाही का?' मी म्हणलं, सत्काराची आहे, कौतुक असणार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी जाऊन शेजारी बसलो. तिच्या कपाळावर घाम, केस चिकटलेले. म्हणलं, 'दीक्षा, काढ की गं ती.' आणि वाट बघतोय, आता ओरडंल, आता उशी फेकंल. ती म्हणाली, 'असू दे, पप्पा.' बास. इतक्या हळू, की पंख्याचा आवाज मोठा वाटला. तक्रार मिटलीच नव्हती. तक्रार करणारं माणूसच घरातनं निघून गेलं होतं, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

गेलो. मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई असतात, त्यांच्याकडं. मला वाटलं डोक्याला वायरी लावतील, काहीतरी मशीन असंल. बाईंनी नुसतं विचारलं, 'हट्ट करायची तेव्हा तो पुरवला तर खूश व्हायची का?' आता काय सांगू. नवीपेठेतनं स्केट आणले होते तिला, दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं त्यासाठी. आणले, आणि खोकं उघडलंच नाही तिनं. मी म्हणलं होतं, कदर नाही हिला. बाई म्हणाल्या, 'नुसता हट्टीपणा असता तर मिळाल्यावर ती नाचली असती, तुमच्याकडं बघून जिंकल्यासारखी हसली असती. हिला मिळूनही काही वाटत नव्हतं. मुलांची उदासी रडतच येते असं नाही, पुष्कळदा चिडत येते. आणि ती गप्प झाली ती सुधारली म्हणून नाही, थकली म्हणून. अर्थात एका प्रश्नावर मी काही ठरवणार नाही, तिच्याशीच बोलते.' कारण काय, विचारलं. तर कारण असतंच असं नाही म्हणाल्या, मोठ्यांना कुठं दर वेळी असतं?

मग तिच्याशी बोलल्या, आणि शेवटी आम्हाला आत बोलावून दीक्षालाच म्हणाल्या, 'पप्पांना सांग, तुला कसं कळतं ते.' आणि तुम्हाला सांगतो, ती पोर खाली बघत म्हणाली, 'राग येतो तेव्हा मला माहीत असतं कुणावर आलाय. ते दुसरं येतं ना, ते कुणावरच नसतं. ते नुसतं आत येऊन बसतं.' आई झाली, शाळा झाली, मोबाईल झाला, संगप्पा काका झाले, सगळ्यांनी मिळून जे ओळखता आलं नाही, ते हिला पहिल्यापासून ठाऊक होतं. एवढीशी पोर, अजून सातच्या पाढ्यात अडखळती, आणि आत इतकं सगळं एकटी सांभाळून बसलेली. मला भरून आलं. कीर्तीनं रुमाल दिला, तर तो आधीच ओला.

महिने लागले. बाईंकडं जायचं, बोलायचं, खेळायचं. आई मंद्रूपहून आली, दीक्षाशेजारी शेंगा फोडत बसायची, आणि लाडावलीय म्हणाली नाही, एकदासुद्धा. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात संगप्पा काका, लाल झालेले. 'प्रदीपराव, पोरगी परत बिघडली की ओ. पार्किंगवरनं मलाच नियम शिकवती.' मी त्यांना आत ओढलं, पेढा कोंबला तोंडात. त्यांना वाटलं मीच बिघडलो.

आता घरात एक पद्धत पडली. ती तोंड पाडून बसली की विचारायचं, 'बाहेरचं का आतलं?' परवा सकाळी पांघरुणातनं बाहेरच येईना. विचारलं. बारीक आवाजात म्हणाली, 'आतलं.' माझा जीव खाली-वर. रजा टाकली, तिच्याजवळ बसलो, पत्ते खेळलो, हरलो, आईस्क्रीम आणलं. संध्याकाळी कीर्ती आली, म्हणाली, 'अहो, आज हिचा गणिताचा पेपर होता.' वळून बघतो तर पोर माझ्याकडं बघून हसतीय... बाईंनी सांगितलेलं अगदी तसंच, जिंकल्यासारखं.

बाईंना फोन लावला. त्या हसल्या, म्हणाल्या, 'अभिनंदन. शाळेला मात्र पाठवा. पण ती आतलं म्हणाली की दर वेळी विचारपूस करा. फसलात तर फसलात. खोटं समजून एकदा खरं सोडून दिलं, तर ते महाग पडेल.' मी म्हणलं, बरं. आता फसायचंच आहे तर तयारीनं फसावं की नाही? उद्या भूगोलाचा पेपर आहे. तुम्हाला सांगतो, येतानाच अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय.