सकाळी फुगणारी चकती

हॅलो? … हो, मीच बोलतेय, ताई. माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार? … ऐक, आज घाईत आहे. आज अकरा वाजता धातूच्या अभ्यासात एक नवा नियम कायमचा नोंदवला जाणार आहे. माणसाने लोखंड वितळवायला घेतलं तेव्हापासून जे कुणाच्याही लक्षात आलं नाही, ते… काय? … नाही, गॅस बंद करूनच निघाले. … बघ ना मग जाऊन! … बंद आहे ना? झालं तर.

कोण आलाय? … पाटीवाला? आजच कशाला बोलावलंस त्याला! अगं, 'डॉ.' अजून लागायचंय. … आईने सांगितलं म्हणून काय झालं? सात वर्षांपूर्वी मी नुसता प्रवेश घेतला, त्याच संध्याकाळी आई शेजारी जाऊन डॉक्टरीण झाली म्हणून सांगून आली होती. … त्याला म्हणावं, आधी आडनाव रंगव. आडनाव पक्कं आहे.

हो, हो… कमिटी अकराला. तिघं आणि आमचे सर. त्यांच्यासमोर मशीनवर चकती कापायची, मोजून दाखवायची, की ते सही करणार. सही झाली की प्रबंध सादर. … नाही झाली तर? तर मी आणि मशीन, दोघी इथेच म्हाताऱ्या होऊ.

आवाज कसाही लागत नाहीये. … बरं, लागतोय. ताई, चकत्या सपाट येताहेत.

सपाट! … अगं, चांगलं कसलं? जगात सगळीकडे चांगलं, माझ्याकडे नाही. … सहाव्यांदा सांगतेय, नीट ऐक. आमची मशीन पितळेची चकती कापते, आरशासारखी. मी ती दगडी टेबलावर ठेवते आणि त्याच टेबलावर उंची मोजणाऱ्या डायलचं स्टँड सरकवत तिच्यावरून काटा फिरवते. सकाळी कापलेली चकती मधे फुगीर भरते. दोन मायक्रॉन. … केसाचे पस्तीस उभे भाग केलेस ना, त्यातला एक. … दुपारी कापलेली मात्र एकदम सपाट. आणि सकाळची फुगीर चकती दुपारी परत मोजली, की तीही सपाट! … म्हणून तर नियम! रात्रभर पडून राहिलेलं पितळ सकाळी कापलं की रुसतं, दिवस चढला की सावरतं. … हो, तेच, 'धातूची झोपमोड'. भावजींना हसू दे. तीन निबंध छापून आलेत त्यावर.

आणि आज, नेमक्या आज, सकाळपासून तीन कापल्या, तिन्ही सपाट. एकीलाही रुसवा नाही!

वेगळं काय? … काही वेगळं नाही गं! तेच पितळ, तेच हत्यार, तीच खोली, एसी वीसवर. … मीही तीच. … अगं, मोजण्यात चूक कशी होईल? सात वर्षं मी दुसरं काय करतेय? … हं? तुझी टेप? … ते शर्टांचं? आठवतंय की. मापं घेतलीस जुन्या टेपने आणि कापड कापलंस नव्या टेपने. … हो, जुनी ताणलेली होती. बारा शर्ट घट्ट झाले, आणि तू बाराही जणांना सांगितलंस की तुम्हीच सुटलात. … हसू नको, दोघांनी जेवण निम्मं केलं होतं! … पण ती शिवणकामाची गोष्ट झाली, हे संशोधन आहे. आमची टेप म्हणजे चारशे किलोचा ग्रॅनाइट. तो कुठे ताणला जाणार?

एक मिनिट हं… या मावशी. आज उशीर? … असू द्या, असू द्या. पाहुणे यायचेत, टेबलही पुसून घ्या. … अगं, मावशी, आमच्या साफसफाईच्या. बस चुकली त्यांची.

बोल. … 'डॉ.'साठी जागा सोडायला सांग. … किती म्हणजे? एक अक्षर आणि एक टिंब! त्याला काय अख्खी फळी लागते?

आता परत बघते एकदा… थांब, काटा फिरवतेय… ताई! फुगली! … दोन मायक्रॉन! मधे, बरोबर मधे! आली गं बाई, आली! पाटीवाल्याला म्हणावं लिही! 'डॉ.' लिही, चांगलं ठळक लिही!

…

थांब. लिहू नको म्हणावं. … अगं, ब्रश उचल म्हणावं त्याला! … ताई, ही मघाचीच चकती आहे. सपाट होती ती. मी नवीन कापलेलीच नाही. … दहा मिनिटांत पितळ झोपलं कधी आणि उठलं कधी?

सरांच्या टेबलावर एक जुनी चकती आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली. चार वर्षांपूर्वीची. आणते, थांब. … … ठेवली. … दोन मायक्रॉन. … हो, तीपण. … चार वर्षं टक्क जागी आहे ती, ताई.

मावशी, टेबल कशाने पुसलंत? … ओल्या फडक्याने. … रोज? रोज नऊला. … नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. … भिंतीवर लिहिलंय? कुठे? … 'दगडी टेबल रोज सकाळी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावे.' … खाली माझी सही आहे.

ऐकतेयस ना? … ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की गारठतो ना आपण? तसा तो दगड. पाणी उडून जाताना वरचा थर गार होतो, आखडतो. खालचा जसाच्या तसा. मग दगड मधे खोलगट होतो, बशीसारखा. … हो, केसाच्या पस्तिसाव्या भागाएवढीच बशी. दुपारपर्यंत परत सरळ. … डायलचं स्टँड त्या बशीत मधे खाली उतरतं, म्हणून चकतीच मधे वर आल्यासारखी दिसते; ती बिचारी पहिल्यापासून सपाट. दगड रुसत होता, आणि मी पितळेची समजूत काढत बसले.

जिन्यात आवाज येतोय. आले. … गप्प बसू? … कळतंय मला. आत्ता ओला आहे, आत्ता दाखवलं तर फुगीरच दिसणार, सही होणार. … हो, कुणाला कळणार नाही. मलाच सात वर्षं कळलं नाही, त्यांना अर्ध्या तासात काय कळतंय! … … आणि मग कुठल्या तरी लॅबमधली कुणी तरी माझा प्रबंध उशाशी घेऊन सात वर्षं पितळ झोपवत बसेल. … नाही ताई. … फोन चालू ठेव, खिशात टाकतेय.

या सर. नमस्कार… नमस्कार. … सर, कापायच्या आधी एक सांगायचंय. … नाही सर, आधीच. जरा इथे हात ठेवता? टेबलावर. … गार आहे ना? … आणि ही तुमच्या कागदांवरची चकती. काटा तुम्हीच वाचा. … हो सर, दोन. … नाही सर, ती झोपलेली नाही. … हो सर, पहिल्या वर्षापासून. … सर, तुम्ही बसा. मावशी, सरांना पाणी आणा. … प्यायला, मावशी. बादली नको.

…

ताई? आहेस? … बाहेर आलेय मी. … नापास नाही. बाहेरून आलेले परीक्षक तर खूश झाले. म्हणाले, असं आपणहून कुणी सांगत नाही. … सही? नाही केली. … खूश होऊन नाही केली! … एक वर्ष. सातशे चौदा चकत्या, सगळ्या पुन्हा मोजायच्या, कोरड्या टेबलावर. आणि तिन्ही निबंधांच्या संपादकांना पत्रं लिहायची. … सर? सर अजून दगडावर हात ठेवून बसलेत. … रडत नाहीये गं. … पाटीवाल्याला नुसतं नाव रंगवू दे. … आईला मी सांगेन संध्याकाळी. तू नको सांगू, तू तिखटमीठ लावतेस.

आत्ता? … आत्ता नाही सुरू करता येणार. दगड ओला आहे. दोन वाजतील सरळ व्हायला. … हो. ठेवते.