बारावा ठसा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, चित्रकार मंडळी आणि श्रोतेहो,

हे भाषण मी लिहून आणलं आहे. नुसतं तोंडी बोलले असते, तर स्वतःला निर्दोष ठरवून खाली बसले असते.

आज जिचा सत्कार आहे ती माझी धाकटी बहीण. आमचं घर तिनं लाकडावर कोरलं, शाई लावून कागदावर छापलं. भिंतीवरची अकरा चित्रं पाहिलीत ना? गाल फुगवून दाढी करणारे बाबा, एका पांघरुणासाठी भांडणाऱ्या आम्ही दोघी, शिलाई मशीनपाशी आई. ते पाहून आई म्हणाली होती, "अगं, पसारा तरी आवरू द्यायचास!" पण घरी येईल त्याला पहिलं तेच दाखवायची.

मालिका मात्र बाराची. मग बारावं कुठे आहे? ते माझ्यामुळे अडलं.

धाकटीनं कॉलेज सोडून ठसे कोरायला जायचं ठरवलं, त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तिच्या थोबाडीत मारली. वर विचारलं, "रेघोट्या ओढून पोट भरतं का?" सहा वर्षांपूर्वी तिनं तो प्रसंग कोरला आणि पहिला कागद मला दाखवला. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हटलं, "साफ खोटं. मी डावखुरी नाही."

"ठसा उलटाच उमटतो, ताई. म्हणजे बाकी सगळं बरोबर आहे ना?"

हसा, हसा. मी तेव्हा हसले नव्हते.

ठरलेल्या प्रती निघाल्या की ठशावर खोल रेघ ओढून तो बाद करतात. पुन्हा छापता येत नाही. तिनं ठसा आणि कोरणी माझ्यापुढे ठेवली. "नको असेल तर तूच रेघ ओढ. तुला विचारल्याशिवाय मी छापणार नाही." मी रेघही ओढली नाही, होही म्हटलं नाही. ठसा कोरणीसकट कपाटात चादरींखाली सरकवला. आयुष्यभर वर्गातल्या मुलींना चूक कबूल करायला लावणारी बाई मी!

त्या चित्रात माझा चेहरा घाबरलेला आहे. मी घाबरलेच होते, ही पोरगी उपाशी राहील म्हणून. ते तिला तेव्हाच दिसलं. मला दिसायला साठी उलटावी लागली. घरातलं काही न झाकता, कुणालाही राक्षस न करता तिनं हे काम केलं. मला तिचा अभिमान आहे. घरी हे मी तिला कधी ऐकवलेलं नाही.

संयोजकांची मी आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कडक गेला असेल, तर पदरात घ्यावं.

कार्यवाहांनी नोंदवून घ्यावं. थोरलीनं धाकटीच्या हाती सभेसमक्ष दिलं ते असं: लाकडी ठसा एक, रेघ न ओढलेला. कोरणी एक, न वापरलेली. छापण्याची परवानगी, सहीनिशी.