आकड्याखालची उलटी फरशी

मेक्सिकोतल्या मेरिदात नकाशे छापून देणाऱ्या दुकानात नेल्मी रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक तरुण आर्किटेक्ट लॅपटॉप उघडून आईला काहीतरी दाखवत होता.

“बघ, आपल्या विकलेल्या घरातली फरशी. ही नक्षी कॉम्प्युटरमध्ये तयार मिळत नाही, मी बनवली. चार फरशांचं एक फूल काढलं, की कॉम्प्युटर खोलीभर तेच भरतो. तुझ्या नव्या घरात अशीच बसवू.”

“छान आहे रे. पण निजायची झोळी टांगायच्या आकड्याखालची ती उलटी फरशी कुठंय?”

“अगं, ती बाबांची चूक होती.”

“मला सांगतोस? मी पहिल्यांदा ते घर बघायला आले, तर हे माझ्याकडेच बघत बसले आणि हातातली फरशी उलटी बसली. तुझ्या आजीनं मरेपर्यंत टोमणे मारले.”

“नक्षीत एक उलटी घेतली तर प्रत्येक फुलात उलटी येईल, आई.”

“सगळीकडे नको. ती एकच होती.”

“मग तेवढा चौकोन कोरा सोडतो. गवंड्याला सांगू, इथं उलटी बसव.”

“सांगून बसवलेली नको मला.”

“मग काय, तो आपणहून चुकेल?”

“कशाला चुकेल? आता माझ्याकडे कोण बघतंय? चल विल्बर्थ, पुढे सरक. या बाई खोळंबल्यात.”

“मला घाई नाही,” नेल्मी म्हणाली.