वरची चार फुलं

तेराच आहेत, ताई, पुन्हा मोजू नका — तुम्ही नऊ सांगितली होती, मला चांगलं आठवतंय, कागदावर मीच तर काढून दिली होती — पण टेबलक्लॉथ केवढा मोठा, नऊ फुलं त्यावर हरवल्यासारखी दिसली असती. वरची चार माझ्याकडून. गल्लीत कुणालाही विचारा, ही बाई सांगितल्यापेक्षा जास्तच देते — डॉक्टरीणबाईंच्या अभ्र्यांवर तर इतकी झालीत की डोकं टेकायला जागा नाही. बसा ना. मुलीच्या नव्या घरी द्यायचाय, आणि टेबल अजून आलंच नाही म्हणालात, मग घाई कसली?

काय? कोपऱ्यातलं वाकडं आहे? — ते वाऱ्यानं कलल्यासारखं काढलंय, मुद्दाम. बरं, मुद्दाम नाही. मशीन जुनं झालंय — नाही, त्याला कशाला नावं ठेवू, बिचारं सांगेन तसं चालतं. तुम्ही अशा नुसत्या बघत राहिलात ना, की माझं तोंड आपोआप सुटतं.

कटवर्कचं असं असतं बघा — रिंगेत कापड ताणून बसवायचं, मशीनचे कापड पुढे ओढणारे दात खाली करायचे, नक्षीच्या रेघेवरून दोनदा साधी शिलाई फिरवायची. मग कात्री. पाकळीच्या आतलं कापड शिलाईला अगदी लागून कापून काढायचं, शिलाईला धक्का न लावता — आणि मग त्या कडेवर दाट टाके घालायचे. शिलाई माझी, कात्री ह्यांची. ह्यांची म्हणजे आमच्या ह्यांची — आत रेडिओ ऐकतायत, म्हणून हळू बोलतेय. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, तीस वर्षं. एका वेळी चाळीस थर कापायचे, आणि चाळिसावा थर पहिल्यासारखा. आता डोळ्यांचं मधलंच गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर कपाटाकडे तोंड करतात — मी म्हटलं, लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याकडे बघायची एवढी खटपट पहिल्यांदाच करताय.

तर कात्री कधीकधी रेघ ओलांडते. मग मी काय करते? ते दुपारी आडवे झाले की चुकलेल्या कापाभोवती फूल काढते. एक चूक, एक फूल. झालं, कळलं तुम्हाला माझ्या दिलदारपणाचं गुपित — झाकली मूठ होती, माझी मीच उघडली.

तुम्ही म्हणाल, मग कात्री काढून का नाही घेत? घेतली होती की एकदा. आठ दिवस मीच कापलं, सुरेख कापलं — आणि हे खिडकीपाशी हातावर हात ठेवून. चहा दिला तर थँक्यू म्हणाले. थँक्यू, मला. तेव्हा घाबरले मी. नवव्या दिवशी म्हटलं, अहो, मला वळणं जमत नाहीत, तुम्हीच या. आले. पहिलाच काप चुकला, आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

म्हणून म्हणते, ताई, आज हा घेऊन जा. इथे ठेवून गेलात तर ते विचारतील, का ठेवला — मग मी काय सांगू? नऊ फुलांचा दुसरा गुपचूप करून देते, अख्खा माझ्या हातचा, पण —

रेडिओ बंद झाला.

अहो, या ना, बसा. टेबलक्लॉथ न्यायला आल्यात ताई — कापाचं कौतुक करत होत्या. हो ना, ताई? — हात कशाला लावताय, इस्त्री केलीये — बरं, फिरवा बोटं, हळू. हो, नऊच. सांगितली तेवढीच.

काय म्हणालात?

तेरा कुठली, नऊच आहेत — अहो, कोपऱ्यातलं धरून? तुम्ही मोजता? दर वेळी? डॉक्टरीणबाईंचे अभ्रेसुद्धा?

मग बोलला का नाहीत इतके दिवस? — मला फुलं काढायला आवडतात म्हणून?

ताई, ही घ्या पिशवी. थांबा, एक दोरा लोंबतोय. अहो, धरा कात्री. इथे — अजून थोडं डावीकडे. हं. या आता, ताई. जाताना दार ओढून घ्या.