बसणाऱ्याचं वजन

मेकॅनिक : फोनवर मी काय म्हटलं होतं, ताई? काकांच्या मोटरसायकलचे शॉक बदलून देतो, पण आधी बसणाऱ्याचं वजन करून बघा.

मुलगी : आणि मी म्हटलं होतं, वजन मी स्वतः फॉर्मवर लिहून दिलंय. शहाऐंशी किलो. तुम्ही तुमचं काम नीट करा.

मेकॅनिक : आणि फोन ठेवलात.

मुलगी : बाळ रडत होतं.

बाबा : बाळ कसलं रडतंय! माझा नातू सहा महिन्यांचा आहे, दिवसभर हसतो. रडायचं खातं त्याच्या आईकडे.

मुलगी : बाबा, तुम्ही बोलूच नका. नवे शॉक दगडासारखे आहेत, कंबर धरते, असं कोण म्हणालं होतं?

बाबा : मीच. पण ती दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आता मऊ झालेत. नवी चप्पल नाही का आधी चावते आणि मग पायाला बसते? चला, उस्ताद, निघतो आम्ही.

मुलगी : निघत नाही. बाळाला नवऱ्याकडे सोडून आलेय मी, तासाभरासाठी. दादा, तपासा.

मेकॅनिक : शॉक म्हणजे चप्पल नाही हो, काका. दोन आठवड्यांत मऊ होत नाहीत. बसा गाडीवर. शॉक बसवले त्या दिवशीच मी बसा म्हणत होतो, तर तुम्ही गाडी ठेवून पायी निघून गेलात. मग मी आपला फॉर्मवरच्या आकड्यावर भरवसा ठेवला.

बाबा : पाय मोकळे करत होतो.

मुलगी : म्हणजे नक्की काय मोजणार?

मेकॅनिक : मागचं चाक उचलून धरलं होतं, तेव्हा चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या या खुणेपर्यंतचं अंतर लिहून ठेवलंय. काका बसले की गाडी खाली दबते. तीस मिलिमीटर दबली तर शॉकची स्प्रिंग यांच्या वजनाला बरोबर. कमी दबली, तर यांच्यासाठी कडक.

मुलगी : टेप मी धरू?

मेकॅनिक : धरा. माझ्यावर विश्वास नाहीच तुमचा.

मुलगी : तसं नाही हो. मी बाळाचं दूधसुद्धा दोनदा मोजते. बाबा, पाय वर. हलू नका. श्वास घ्या, तेवढा चालतो. तीस! दादा, बघा, बरोबर तीस.

बाबा : झालं? बसणारा शहाऐंशीचा, स्प्रिंग शहाऐंशीची. आता घरी जा, ठमे, पोरगं वाट बघत असेल.

मुलगी : म्हणजे मी लिहिलेलं बरोबर होतं.

मेकॅनिक : बरोबर होतं, तर तक्रार कसली होती?

बाबा : तक्रार करायला माझ्या वयात कारण लागत नाही.

मेकॅनिक : हं. काका, या बाजूच्या बॅगा नव्या दिसतात.

बाबा : क्रूझर आहे. शोभतात.

मेकॅनिक : शोभतात ना. आत काय आहे?

बाबा : रेनकोट.

मुलगी : बघू. बाबा, हा रेनकोट पाच किलोचा आहे?

बाबा : पाच कशावरून? काटा आहे का तुझ्या हातात?

मुलगी : सात किलो दिवसभर कडेवर घेऊन फिरते मी. पाच किती ते न बघता सांगेन. त्या बाजूला काय आहे?

मेकॅनिक : तिकडेही तसाच जड रेनकोट. थांबा, उघडतो. वाळू आहे, ताई. पिशवीत भरून, तोंड शिवून. दोन्हीकडे.

बाबा : तोल राहतो गाडीचा.

मेकॅनिक : काढून ठेवतो बाकावर. काका, आता पुन्हा बसा.

बाबा : मघाशी मोजलं ना एकदा?

मुलगी : बाबा. बसा.

मेकॅनिक : तुम्हीच वाचा, ताई.

मुलगी : पंचवीस.

मेकॅनिक : पुन्हा बघा.

मुलगी : तीनदा बघितलं. पंचवीसच आहे. म्हणजे किती कमी?

मेकॅनिक : वाळू दहा किलो, तिने पाच मिलिमीटर भरून काढले. ती थेट मागच्या चाकावर होती. माणसाचं सगळं वजन मागे येत नाही, थोडं पुढे जातं. म्हणजे दहाहून जास्तच. चौदा, पंधरा.

मुलगी : ग्रॅम नव्हे ना?

मेकॅनिक : किलो, ताई.

बाबा : उस्ताद, तुम्ही गाडीचे डॉक्टर की माझे?

मुलगी : शहाऐंशी मी मनाने लिहिले नव्हते. मला सातवा महिना होता, तेव्हा दवाखान्यात माझ्या मागोमाग तुम्ही काट्यावर चढला होतात. "बघू, नातवापेक्षा मी किती पुढे आहे" म्हणत.

बाबा : तेव्हा पुढे होतो.

मुलगी : हे जॅकेट केव्हापासून असं लोंबतंय?

बाबा : फॅशन आहे. सैल घालतात हल्ली.

मुलगी : आणि पट्टा? ही भोकं दुकानातली नाहीत. खिळ्याने पाडलीत.

बाबा : स्क्रू ड्रायव्हरने. खिळा सापडला नाही.

मुलगी : दर रविवारी येत होते ना मी? समोर बसून चहा पीत होते. मला कसं दिसलं नाही?

बाबा : येत होतीस. पण सारखी त्याच्याकडे बघत बसायचीस. बरोबरच आहे. बघायच्या वयाचा आहे तो.

मुलगी : कंबर दुखते म्हणालात, तर मी काय केलं? अकरा व्हिडिओ बघितले. कुठला शॉक किती मऊ, त्याचा तक्ता केला. नवऱ्याला म्हटलं, बघ, वडिलांची काळजी अशी घ्यायची असते. आणि चांगले शॉक काढून अजून चांगले बसवले.

मेकॅनिक : जुनेही खरं तर ठीक होते.

मुलगी : आता बोलताय?

मेकॅनिक : तेव्हाही बोललो होतो.

मुलगी : बाबा, सांगितलं का नाहीत?

बाबा : बाळ सत्तर ग्रॅमने कमी भरलं, तेव्हा तू दोन डॉक्टर बदललेस आणि तीन दिवस जेवली नाहीस. मी हिशोब केला, पंधरा किलोला तू काय करशील! त्यापेक्षा वाळू बरी. झाली गाडी मऊ, झाली तू गप्प.

मुलगी : भूक लागते का तुम्हाला?

बाबा : लागते. आठवण आली की.

मुलगी : दादा, यांना हलकी स्प्रिंग मागवा. सत्तरची, एकाहत्तरची, जी येत असेल ती. आजच.

मेकॅनिक : नाही मागवत.

मुलगी : का?

मेकॅनिक : स्प्रिंग थांबलेल्या वजनाला मागवतात, ताई. यांचं थांबलंय का ते मला माहीत नाही. आधी डॉक्टरांना विचारून या. तोवर गाडी इथे राहू दे.

बाबा : बरं, तुमचं दोघांचं चालू द्या. मी बाहेर ऊन खातो. तुमच्या टेपपायी बसून बसून मला दुखायला लागलं.

मुलगी : हॅलो, दवाखाना ना? वडिलांसाठी वेळ हवी होती. आजच. वजनासाठी. नाही, वाढलं नाहीये. हो, थांबते.

मेकॅनिक : बाळाच्या वडिलांना कळवा. एक तास होऊन गेला.

मुलगी : कळवलं. बाळ झोपलंय म्हणाला. पहिल्यांदाच मी विचारलं नाही, कुठल्या कुशीवर. हॅलो? हो, ऐकतेय. साडेपाच. चालेल. गेल्या गेल्या काट्यावर उभं करणार ना? कपड्यांसकट? बरं. जुन्या आजारांची माहिती? देते, लिहून घ्या. एक मिनिट हं. दादा, त्या वाळूच्या पिशव्या तुम्ही बाकावरच ठेवल्या होत्या ना?

मेकॅनिक : हो. दोन.

मुलगी : इथे एकही नाहीये. बाबांची काट्यावर चढायची तयारी झाली.

मेकॅनिक : अरेच्चा.

मुलगी : मला फोन सोडता येत नाहीये. तुम्ही जरा बाहेर जाऊन बाबांना बघता? पिशव्या राहू देत त्यांच्याकडे. फक्त त्यांना बघा.